'सेटलमेंट' : एका जुन्या इंग्रजी शब्दाचा प्रशासकीय प्रवास

पुणे, सांगली, नागपूर अशा शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांतून गेल्या पंचवीस वर्षांत एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले आहे : "आमचा मुलगा व्हाइटफील्डला सेटल झाला." नोकरी कायम झाली, घराचा हप्ता सुरू झाला, लग्न झाले आणि आता तो तेथून हलायचा नाही, एवढा सगळा आशय मराठी माणूस या एका शब्दात भरतो. बंगळुरूच्या पूर्वेकडील हे उपनगर मुळात 'सेटलमेंट' म्हणूनच वसविले गेले, ही गोष्ट हे वाक्य उच्चारणाऱ्या आईवडिलांना बहुधा ठाऊक नसते.

प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला मात्र हा शब्द ऐकला की एकाच वेळी तीन-चार चित्रे दिसतात. पुण्यातील जमाबंदी आयुक्तांच्या पदनामाचे इंग्रजी रूप 'सेटलमेंट कमिशनर' असे आहे. सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' एवढेच सांगितले तरी तो एका विशिष्ट वस्तीकडे नेतो, आणि त्या वस्तीचा इतिहास काटेरी तारेचा आहे. न्यायालयाच्या आवारात 'सेटलमेंट झाली' म्हणजे तडजोड झाली. हाच शब्द डोळा बारीक करून उच्चारला तर त्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगावयास नको. एकच शब्द इतक्या निरनिराळ्या दारांवर कसा जाऊन बसला, याचा शोध घेतला तर भाषेपेक्षा राज्यकारभाराचाच इतिहास अधिक हाती लागतो.

शब्दाचे मूळ अगदी साधे आहे. जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे बसण्याची जागा, आसन. उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत अजूनही 'सेटल' म्हणतात. जुन्या खाणावळींत शेकोटीजवळ असे बाक असत. जर्मनमधला खुर्चीवाचक 'सेसेल' हा शब्द त्याच कुळातला. आपल्या वाचकांना अधिक जवळचे नाते म्हणजे संस्कृत 'सद्' धातूचे. सदन, परिषद, उपनिषद आणि संसद हे शब्द ज्या मूळ 'बसणे' या कल्पनेतून निघाले, त्याच आदिम मुळाची 'सेटल' ही पश्चिमेकडील फांदी आहे. वाद मिटविणे हा अर्थ मात्र या घरातला नव्हे. जुन्या इंग्रजीत समेट करणे या अर्थाचे 'साख्टलियन' असे एक वेगळे क्रियापद होते. पुढे त्याचा उच्चार झिजत झिजत 'सेटल'च्या इतका जवळ आला की बसविणे आणि मिटविणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागले. पुढे त्याला फ्रेंच वळणाचा 'मेंट' हा प्रत्यय जोडला गेला आणि सतराव्या शतकात 'सेटलमेंट' हे नाम इंग्रजीत रूढ झाले.

या नामाने कायद्याच्या पुस्तकात पाय ठेवला तो गरिबांच्या संदर्भात, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये १६६२ साली गरिबांच्या साहाय्याचा जो कायदा झाला तो 'सेटलमेंटचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. प्रत्येक गरीब माणूस कोणत्या ना कोणत्या पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाचा, असलाच पाहिजे आणि त्याला पोसण्याची जबाबदारी त्याच गावाची, हे त्याचे तत्त्व. त्यातून उलट बाजूही आपोआप आली. दुसऱ्या गावातून कोणी आला, वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहू लागला आणि पुढे गावावर त्याचा भार पडेल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ गावी परत धाडता येई. पुढे १६९७ च्या कायद्याने दाखल्याची पद्धत आली. आपल्या गावाने 'हा आमचा आहे' असे लिहून दिले तरच मजुराला दुसऱ्या गावी सुखाने राहता येई. तहसील कचेरीत रहिवास दाखल्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा हा सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज म्हणावा लागेल.

हिंदुस्थानात हा शब्द आला तो दुसऱ्याच पोशाखात. जमिनीचा सारा कोणी द्यायचा, किती द्यायचा आणि किती वर्षांसाठी, हे एकदाचे ठरवून टाकणे म्हणजे सेटलमेंट. कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये केलेल्या व्यवस्थेला आपण मराठीत 'कायमधारा' म्हणतो. हिंदी आणि बंगाली भाषकांनी मात्र त्यासाठी फारसीतला 'बंदोबस्त' उचलला. बंद आणि बस्त, दोन्ही बांधण्याचे शब्द. इंग्रजाला रयतेला बसवायचे होते, फारसी दप्तराला बांधून ठेवायचे होते. दोघांचा हेतू एकच. मराठीत 'बंदोबस्त' हा शब्द महसूल खात्यातून निसटून पोलीस खात्यात गेला. गणेशोत्सवातला बंदोबस्त आणि 'त्याचा एकदा बंदोबस्त करा' यातला बंदोबस्त ही त्याची मराठी रूपे. सेटलमेंटसाठी आपण 'जमाबंदी' हा शब्द राखून ठेवला. येथेही 'बंदी' आहेच, असो.

दख्खनमधली जमाबंदी ही खरे तर सोडून गेलेल्या माणसांना परत बसविण्याची हकीकत आहे. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने पहिली मोजणी केली. सिद्धान्त भारदस्त, पण दर असे की शेतकरी जमिनी टाकून परागंदा होऊ लागले. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले. जमिनीची प्रतवारी सोपी केली, सारा उतरविला आणि तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली. पड जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली, आणि आपला सातबारा ज्या सर्व्हे नंबरवर उभा आहे, त्याची वंशावळ तेथपर्यंत जाते. तीस वर्षे सरल्यावर १८६७ मध्ये इंदापुरात जी फेरजमाबंदी झाली तिने सारा बराच चढविला, आणि १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांत तिचाही उल्लेख होतो, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल.

या सर्व्हेने एक गोष्ट मात्र नकळत साधली. मराठेशाहीत गावचा शेतकरी दोन प्रकारचा असे. वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा तो उपरी. गावच्या पंक्तीत, पाण्यात, पंचायतीत उपऱ्याचे स्थान खालचे. सर्व्हेच्या पुस्तकाने दोघांच्याही नावापुढे 'कब्जेदार' हाच शब्द लिहिला. सारा भरतो तो धनी. शेकडो वर्षे उपरी राहिलेला माणूस कागदावर तरी गावचा झाला. 'उपरा' हा शब्द मात्र मराठीत शिल्लक राहिला आणि १९८० साली लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे नाव होऊन पुन्हा समोर आला. त्यांच्या कैकाडी समाजाच्या वाट्याला आलेली सेटलमेंट अगदी वेगळी होती. तिच्याकडे मी येतोच. पण त्याआधी व्हाइटफील्ड.

एकोणिसाव्या शतकात 'सेटलमेंट'चा तिसरा अर्थ जोरात होता : दूरदेशी नेऊन वसविलेली माणसे. १८२६ मध्ये पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर मिळून 'स्ट्रेट्स सेटलमेंट्स' झाल्या. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला 'पीनल सेटलमेंट' झाली, जिला आपण काळे पाणी म्हणतो. एकीकडे व्यापारी वसाहत, दुसरीकडे कैद्यांची वसाहत, आणि शब्द एकच. या पार्श्वभूमीवर मद्रासमध्ये डेव्हिड एम्मॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट या गृहस्थांनी आपल्या समाजासाठी हाच शब्द उचलला.

व्हाइट हे मद्रास सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते. त्यांचा समाज त्या काळी 'युरेशियन' म्हणून ओळखला जाई. बाप किंवा आजा युरोपीय, आई किंवा आजी हिंदी. 'अँग्लो-इंडियन' हा शब्द तेव्हा मुख्यतः हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या शुद्ध इंग्रजासाठी वापरला जात असे. पुढे १९११ च्या सुमारास सरकारने तो मिश्र वंशाच्या समाजासाठी अधिकृत केला. ज्या साहेबांचा तो शब्द होता त्यांनी तो हळूहळू टाकून दिला. व्हाइट यांच्या समाजाची अडचण अशी की तो रेल्वे, तारखाते, सरकारी कचेऱ्या यांच्यावरच अवलंबून होता. इंग्रजी शिकलेला हिंदी तरुण त्या जागांवर येऊ लागला होता आणि वरच्या जागा विलायतेहून भरल्या जात होत्या. जमीन नाही, गाव नाही, मूळ म्हणून दाखवावी अशी जागा नाही. आपल्या मुलांनी नांगर धरावा, स्वतःची गावे वसवावीत, असे व्हाइट यांना वाटू लागले. मद्रासेत त्यांनी समाजाची संघटना उभारली, वसाहतींची योजना छापून प्रसिद्ध केली आणि जागा शोधली ती म्हैसूर संस्थानात.

वेळ अनुकूल होती. पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर मार्च १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत आले होते आणि तरुण चामराजेंद्र वडियार गादीवर होते. त्यांच्या सरकारने १८८२ मध्ये सुमारे ३,९०० एकर जमीन या संघटनेला दिली. बंगळुरूहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग जवळून जात होता. गावाचा आराखडा वर्तुळाकार होता. मधोमध मोकळे हिरवे मैदान, त्याभोवती घरांचे एक वलय आणि बाहेर दुसरे. इनर सर्कल आणि आउटर सर्कल ही नावे आजही तेथे आहेत. पुष्कळांना 'व्हाइट' म्हणजे गोऱ्यांचे गाव असे वाटते. मूळ नाव आडनावावरून आले आहे, आणि ते आडनाव धारण करणारा गृहस्थ त्या काळच्या वर्णविचारात पुरता गोरा नव्हता, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

शेतकऱ्यांचे गाव म्हणून ही वसाहत फार फुलली नाही. जमीन लाल, कोरडवाहू, नाचणीची. ती कसणारे हात तार आणि रेल्वेच्या कामाला सरावलेले. हळूहळू ते निवृत्तांचे, बागांचे, दोन चर्चांचे शांत गाव झाले. वेव्हर्ली इन नावाच्या तेथल्या खाणावळीत तरुण विन्स्टन चर्चिल येत असे, अशी आख्यायिका स्थानिक लोक आवडीने सांगतात. ऐकावी आणि सोडून द्यावी. पुढे १९३३ मध्ये आजच्या झारखंडात अर्नेस्ट मॅक्लस्की यांनी याच समाजासाठी मॅक्लस्कीगंज वसविले. तेथेही शेतीचे स्वप्न होते आणि तेथेही नवी पिढी बाहेर पडली. तरीही व्हाइटफील्डचा प्रयोग फसला असे म्हणून तो झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. येथे सेटलमेंट या क्रियेचा कर्ता स्वतः वसणारा माणूस होता. त्याने अर्ज केला, नकाशा काढला, राजाकडे जमीन मागितली. न जमल्यास निघून जाण्याची त्याला मोकळीक होती आणि कित्येक जण निघूनही गेले.

सोलापूरच्या सेटलमेंटमधून मात्र असे निघून जाता येत नव्हते.

व्हाइटफील्डच्या स्थापनेआधी अकरा वर्षे, १८७१ मध्ये, 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट' झाला होता. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात असे गृहीत धरणारा हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही लागू करता येऊ लागला, आणि सरकारला अशा जमातींना एखाद्या 'सेटलमेंट'मध्ये ठेवण्याचा, त्यांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत घालण्याचाही अधिकार मिळाला. ज्यांची नावे यादीत चढली ते कोण होते? कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी, छप्परबंद, घंटीचोर. यांतले बहुतेक फिरते लोक. त्यांच्यावर ठेवलेला आरोप चोरीचा असला तरी कायद्याची सारी रचना पाहिली की खरा खटकणारा मुद्दा त्यांचे हिंडणे हाच होता असे दिसते. आपल्याकडेही या मनोवृत्तीला जुना इतिहास आहे. यास्काच्या निरुक्तात 'निषाद' या शब्दाची फोड करताना, ज्याच्या ठायी पाप बसले आहे तो निषाद, असे नैरुक्तांचे मत नोंदलेले आहे. तोच 'सद्' धातू, तेच बसणे. येथे माणसाऐवजी पाप बसले आहे, एवढाच फरक.

मुंबई इलाख्यात या वसाहतींचा आरंभ १९१० च्या सुमारास विजापुरात झाला आणि मग सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी त्या पसरल्या. या कामाचे सूत्रधार होते ओ. एच. बी. स्टार्टे हे सनदी अधिकारी. सोलापूर आणि हुबळी यांची निवड सहज झाली नव्हती. तेथे कापडाच्या गिरण्या किंवा रेल्वेचे कारखाने होते आणि त्यांना हात हवे होते. सोलापुरात तारेचे कुंपण होते, हजेरी होती, बाहेर जायला पास होता. कुंपणातून निघून माणसे गिरणीत जात, पाळी संपली की पुन्हा कुंपणात येत. ज्यांची वर्तणूक चांगली ठरे त्यांना कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त घर मिळे. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव आजही सोलापूरच्या पत्त्यांत आहे. या तीन शब्दांतल्या 'फ्री'चा अर्थ फुकट नव्हे, मोकळी असा आहे, हे आज तेथे राहणाऱ्या लहान मुलांना कोणी सांगितले असेल का, असा प्रश्न ते नाव वाचताना पडतो.

स्टार्टे यांना खलनायक करून हा विषय संपविणे सोपे आहे. पण प्रशासनाचा अभ्यास करणाऱ्याला ते परवडत नाही. वसाहतीत शाळा होत्या, मजुरी रोख मिळे, आणि जुन्या अहवालांतून आपल्या कामाबद्दलची प्रामाणिक तळमळ दिसते. १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच स्टार्टे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० मध्ये आलेल्या तिच्या अहवालानंतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते निघाले, आणि तेही स्टार्टे यांच्याच हाती सोपविण्यात आले. आजच्या समाजकल्याण खात्याची एक मुळी अशा रीतीने सेटलमेंट अधिकाऱ्याच्या कचेरीत रुजलेली आहे. ज्या हाताने हजेरी घेतली त्याच हाताने शिष्यवृत्तीचे अर्ज मंजूर केले. या वारशाचा परिणाम आपल्या कल्याणकारी योजनांच्या भाषेवर किती झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लाभार्थ्याकडे प्रथम संशयाने पाहण्याची सवय आपल्याला कोठून लागली, याचे थोडेसे उत्तर मात्र तेथे सापडेल असे मला वाटते.

१९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती बसली. मुंबई प्रांताने स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. यादीतून नाव निघालेल्या या जमाती 'विमुक्त' झाल्या. मुंबई राज्याने पुढे १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात जातीचे नाव नव्हते. पोलीस ठाण्यातल्या जुन्या फौजदाराला मात्र कोणत्या वस्तीत जायचे हे त्या कायद्याशिवायही माहीत होते.

आता आपल्याच पिढीच्या प्रशासनाकडे येतो. महाराष्ट्रात विमुक्त जातींना तीन टक्के आणि भटक्या जमातींच्या 'ब' गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी जातीचा दाखला हवा. आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ या दिवशी किंवा त्याआधीपासून आपले कुटुंब महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते, याचा पुरावा हवा. प्रत्येक प्रवर्गासाठी अशी एक मानीव तारीख असते आणि तिच्यामागे कायदेशीर कारणही आहे. राज्याबाहेरच्यांनी येथला लाभ घेऊ नये, हे तत्त्व चुकीचे म्हणता येणार नाही. तरी भटक्याने भटका असल्याचा लाभ घेण्यासाठी आपण अमुक दिवशी एका जागी होतो हे सिद्ध करावे, या मागणीतली विसंगती फाईलवर सही करताना जाणवल्याशिवाय राहत नाही. गावी घर नाही, शाळेत नाव नाही, सातबारा नाही, जन्म कोठल्या पालावर झाला ते आईलाही नीट आठवत नाही. गृहचौकशी आणि स्थानिक साक्ष यांचा मार्ग नियमांत आहे. तो वापरण्याचा धीर किती अधिकारी दाखवितात हा मुद्दा वेगळा. चूक झाली तर चौकशी आपली, आणि दाखला नाकारला तर कोणी विचारत नाही, असे साधे गणित कनिष्ठ अधिकाऱ्याच्या मनात असते.

याच ठिकाणी इतिहासाने एक विचित्र वळण घेतले आहे. जातीच्या पडताळणीत संविधानपूर्व काळातील नोंदींना सर्वाधिक वजन दिले जाते. ज्याचा आजोबा तारेच्या कुंपणात होता, त्याचे नाव, जात आणि तारीख सरकारी नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिली गेली होती. ज्याचा आजोबा पळून गेला, डोंगरात राहिला, हजेरीला सापडला नाही, त्याच्या नातवाकडे कागद नाही. आजोबाच्या बंदिवासाची नोंद नातवाला दाखल्यासाठी सर्वांत उपयोगी पडावी, आणि आजोबाने वाचविलेले स्वातंत्र्य नातवाच्या आड यावे, अशी ही स्थिती आहे. अशा जुन्या नोंदवह्या जेथे जेथे शिल्लक असतील तेथे त्या वाळवीच्या तोंडून वाचवून त्यांच्या प्रती काढून ठेवणे, हे अभिलेखागारांपुढचे तातडीचे काम आहे. विमुक्त आणि भटक्यांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ मध्ये या समाजांच्या कागदपत्रांच्या अडचणी सविस्तर मांडल्या आहेत. अहवाल उपलब्ध आहेत.

व्हाइटफील्डमध्येही कागदाचा प्रश्न दुसऱ्या रूपाने आला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन व्यक्तीची व्याख्या आहे. त्यात पितृवंश युरोपीय असण्याबरोबरच आईवडील भारतात कायम राहणारे असावेत, तात्पुरत्या कामासाठी आलेले नसावेत, अशी अट आहे. म्हणजे येथेही कसोटी सेटल असण्याचीच. या समाजासाठी लोकसभेत आणि विधानसभांत नामनिर्देशनाने जागा भरण्याची जी तरतूद होती, ती १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर २५ जानेवारी २०२० पासून उरली नाही.

तोवर व्हाइट यांच्या गावाचे रूप ओळखण्यापलीकडे गेले होते. १९९० च्या दशकात सिंगापूरच्या भागीदारीने तेथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहू लागले. एके काळी जी स्वतः सेटलमेंट होती आणि जेथे हिंदुस्थानातले कैदी जहाजाने धाडले जात, त्या सिंगापूरने बंगळुरूच्या जुन्या सेटलमेंटमध्ये कार्यालये बांधावीत, हा योगायोग शब्दाच्या इतिहासात नोंदविण्यासारखा आहे. २०२३ मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली. वर्तुळाकार मैदानाभोवतीची कौलारू घरे एकेक करून जाऊ लागली आणि पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती आल्या. त्यांत मराठी मंडळींचा गणेशोत्सवही होतो.

या इमारती बांधणारे मजूर पत्र्याच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या खोपटांत राहतात. नगररचनेच्या आंतरराष्ट्रीय भाषेत अशा वस्त्यांना 'इन्फॉर्मल सेटलमेंट' म्हणतात. मराठीत झोपडपट्टी. जानेवारी २०२० मध्ये, अँग्लो-इंडियन जागांची तरतूद संपण्याच्या आठवडाभर आधी, व्हाइटफील्डपासून काही किलोमीटरवर असलेल्या करियम्मन अग्रहार आणि आसपासच्या भागांतील अशी खोपटी पाडण्यात आली. तेथे बेकायदेशीर बांगलादेशी राहतात असा आरोप होता. राहणाऱ्यांत आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगालमधले लोक होते तसेच उत्तर कर्नाटकातलेही होते, आणि त्यांतल्या अनेकांनी आधार कार्डे, मतदार ओळखपत्रे काढून दाखविली. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने या कारवाईला कायद्याचा आधार काय, असा जाब विचारला आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न राज्य शासनापुढे ठेवला.

महाराष्ट्रात अशा खोपटाला संरक्षण मिळायचे की नाही, हे ते कोणत्या तारखेपासून तेथे आहे यावर ठरते. ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली, आणि पुढे सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ पर्यंत सरकली. इंग्लंडच्या १६६२ च्या कायद्यात ती मुदत चाळीस दिवसांची होती.